मदत हवी आहे: कोकरं हेड्याला (जनावरांच्या व्यापाऱ्याला) न देता थेट गिऱ्हाइकाला विकायची आहेत, दर कसा धरायचा? (कागल, कोल्हापूर)

मेंढवाडा:

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीसेक मेंढ्या आहेत. गाव कागल तालुक्यात, कोल्हापूर शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. मेंढ्या दख्खनी जातीच्या, नर माडग्याळ जातीचा. दिवाळीनंतर जन्मलेली कोकरं आता चार महिन्यांची होतील, त्यात विकायचे नर बावीस आहेत. माद्या ठेवणार आहे, त्यांचा प्रश्न नाही.

आजवर विक्री सासरे बघत होते. हेडी दारात येतो, कोकराच्या कमरेवर हात दाबतो आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा बोलतो. मग चहा, थोडी ओढाताण, आणि गाडीत भरणी. मागच्या खेपेला निघताना मी काही कोकरं झोळीत घालून तोलली. 24 किलोच्या कोकराला सरासरी 7,500 रुपये पडले होते, म्हणजे जिवंत वजनाला किलोमागे 312. तिकडे गावात मटण 800 च्या पुढेमागे विकलं जातंय. तेव्हापासून डोक्यात आहे की निदान अर्धी कोकरं आपणच विकावीत.

सासऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला खोडता येत नाही. ते म्हणतात, "हेडी लंगडं, बारकं, खोकणारं सगळं उचलून नेतो. पावसाळ्यात अडलं की आगाऊ पैसे देतो. तुझं गिऱ्हाईक दहा कोकरं चाचपून त्यातलं सगळ्यात चांगलं नेणार. शेवटी राहिलेल्या खराब मालाला मग तोच हेडी, आणि दर त्याच्या मर्जीचा."

तर विचारायचं असं, की विक्री नगावर करावी का वजनावर? वजनावर असेल तर दर कुठल्या हिशोबाने काढता? बरेच जण "कापून द्या" म्हणतात, ते करावं का? यंदा बकरी ईद मे अखेरीस आहे आणि दोघांनी आत्ताच विचारलंय की कोकरू आज ठरवतो, ईदपर्यंत तुमच्याकडेच राहू दे. असा व्यवहार कुणी केलाय का? आणि सासऱ्यांच्या मुद्द्याला काय उत्तर आहे?

माळरान:

ताई, आम्ही हातकणंगले भागात घरच्या गिऱ्हाइकाला वजनावरच देतो. दर काढायची रीत सोपी आहे. कोकराचा उतारा, म्हणजे जिवंत वजनातून निघणारं मटण, 45 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान येतो. रानात चरून आलेलं, पोट सुटलेलं असेल तर 45 कडे. खुराक खाल्लेलं असेल तर जरा वर. तुमचं 24 किलोचं कोकरू 47 टक्क्यांनी धरलं तर मटण सव्वाअकरा किलो. 800 नी साधारण 9,000 रुपये.

आता हे नऊ हजार सगळे तुमचे नाहीत, इथेच सगळे फसतात. कापणावळ आहे, गिऱ्हाइकाचं येणं-जाणं आहे, आणि त्याला चार पैसे वाचल्याशिवाय तो कागलपर्यंत येणार कशाला? तुम्ही किलोला 350 लावले तर कोकरू 8,400 ला गेलं. त्यात त्याची कापणावळ घातली की तो जवळपास दुकानाच्याच दरावर येतो. वर मुंडी, पाय, वजडी, कलेजी त्याचीच राहते. तुम्हाला हेड्यापेक्षा कोकरामागे 900 जास्त. ज्यांना वाटतं थेट विकलं की दुप्पट मिळतात, त्यांनी हा हिशोब एकदा कागदावर करून बघावा. मटणाच्या दराच्या 43-44 टक्के हा जिवंत वजनाचा दर मला दोघांनाही परवडणारा वाटतो. मटणाचा दर हलला की हा पण हलतो, रोज नवा वाद नको.

एक पथ्य पाळा. वजन सकाळी, चारा-पाणी घालायच्या आधी. भरल्या पोटाचं कोकरू दीड-दोन किलो सहज जास्त भरतं, आणि गिऱ्हाइकाला ते माहीत असतं. बाजारात मीठ चारून पाणी पाजणारे आहेत, त्यामुळे संशय आधीच तयार असतो. "उपाशीपोटी वजन" हे पहिल्या फोनवरच सांगून टाका. मला नवीन गिऱ्हाईक याच एका वाक्यावर जास्त मिळालंय.

पेठेतला_खवय्या:

मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो. आम्ही पेठेतली पाच घरं मिळून अधूनमधून अख्खं बकरं घेतो आणि वाटे घालतो. एकट्या घराला अकरा किलो मटण काय करायचं? फ्रीजमधलं मटण कोल्हापूरकराला सांगू नका. त्यामुळे ताई, एकेक माणूस शोधू नका, असे गट शोधा. तालीम मंडळं, कारखान्यातले डिपार्टमेंटवाले, भिशीवाले. एक माणूस पैसे गोळा करतो, तोच तुमच्याशी बोलतो.

आणि खरं सांगू का, आम्हाला बकरं नको असतं, मटण पाहिजे असतं. बकरं बघून घ्यायला मजा येते, पण पुढं ते कोण कापणार हा प्रश्न आला की निम्मे जण गळतात. ते सोडवलंत तर बुधवार, शुक्रवार, रविवार फोन थांबणार नाही.

सुरी_आणि_काटा:

आमचा धंदाच हा, त्यामुळे स्पष्ट लिहितो. वरचा उताऱ्याचा हिशोब बरोबर आहे. लोकांना जिवंत दर आणि मटणाचा दर यातला फरक म्हणजे सगळा आमचा नफा वाटतो. 2019 च्या अखेरीस कोल्हापुरात दरावरून एवढं मोठं आंदोलन झालं, दुकानं बंद राहिली, तेव्हाही हाच गैरसमज होता. जनावर निम्म्याच्या वर मटण देत नाही, आणि कातड्याला आता विचारत नाही कोणी.

ताई, तुम्ही कापून द्यायच्या भानगडीत पडू नका. जिवंत जनावर विकणं वेगळं आणि मटण विकणं वेगळं. मटण विकायला लागलात की अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. नगरपालिका, महापालिकेच्या हद्दीत मान्यता असलेल्या कत्तलखान्याबाहेर कापता येत नाही. गावात चालतं म्हणून आज कोणी बोलणार नाही, पण एखाद्याच्या पोटात दुखलं की तुमचं नाव पुढे येईल.

त्यापेक्षा तुमच्या भागातला परवाना असलेला एखादा खाटीक गाठा. गिऱ्हाइकाला कोकरू तुम्ही विकायचं, पावती तुमची. गिऱ्हाईक ते त्याच्याकडे कापायला देईल, कापणावळ त्याला परस्पर. तुम्ही मध्ये पैशाला हात लावायचा नाही. खाटकाला दुकानाच्या गर्दीआधी, पहाटेचं काम मिळालं तर तो नको म्हणणार नाही. फक्त आदल्या दिवशी सांगा. रविवारी सकाळी आठला फोन करून "एक बकरं आहे" म्हणालात तर तो काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फलटणवाले:

माडग्याळ नराऐवजी 'नारी सुवर्णा' या मेंढीच्या जातीचा नर वापरा. आमच्या फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणलाय. त्याच्या पोटच्या माद्या पुढे जुळी देतात. मग विकायला कोकरंच जास्त.

मेंढवाडा:

@फलटणवाले, माहिती चांगली आहे, पण जुळ्यांना आईचं दूध पुरवणं आणि खुराक हा वेगळा धागा होईल. आत्ता आहेत तीच नीट विकू द्या :)

@माळरान, 900 चा आकडा वाचून जरा थंड झाले, पण बरं झालं. मी मनात तीन हजार धरून बसले होते. @सुरी_आणि_काटा, पावती माझी आणि कापणावळ परस्पर ही वाट एकदम पटली. ईदचं कुणी सांगाल का?

शिरोळकडचा:

ईदला आम्ही दरवर्षी पाच-सात देतो. पहिली गोष्ट, ईदचं जनावर वजनावर विकू नका. ते डोळ्याने विकलं जातं. उंची, रंग, चेहरा, चाल. अंगात खोट चालत नाही. लंगडं नको, डोळ्यात दोष नको, कान फाटलेला नको, शिंग मुळातून मोडलेलं नको. वयाचंही बघतात. मेंढा वर्षाचा असावा, सहा महिन्यांच्या वरचा असेल तर अंगाने वर्षाचा दिसला पाहिजे. बरेच जण तोंड उघडून दोन दात आहेत का ते बघतातच. तुमची कोकरं तेव्हा सहा-साडेसहा महिन्यांची, सगळे दुधाचे दात. म्हणून जन्माचा महिना आधीच खरा सांगा आणि "तुमच्या मौलानांना विचारून घ्या" म्हणा. बावीसमधली चार-पाच अंगापिंडाने भरलेली असतील तेवढीच दाखवा. माडग्याळच्या नरांना बहुतेक शिंगं नसतात, काहींना शिंगवालाच हवा असतो, त्याचा हट्ट सोडून द्या.

आता "तुमच्याकडेच राहू दे" याबद्दल. हा व्यवहार चांगला आहे, पण नुसता तोंडी झाला की भांडण ठरलेलं. आमच्याकडे एकदा इसार दिलेलं जनावर ईदच्या आठवड्यात पायाने अधू झालं. गिऱ्हाईक म्हणतं तुमच्या दावणीला होतं, आम्ही म्हणतो विकलेलं होतं. तेव्हापासून कागद करतो. एकूण किंमत आजच ठरते, पुढे वजन वाढलं तरी तीच. निम्मा इसार. खुराकीचे रोजचे पैसे वेगळे, ते न्यायच्या दिवशी. जनावर मेलं किंवा खोट आली तर इसार परत, नाहीतर त्याच किमतीचं दुसरं. म्हणजे जोखीम आम्ही घेतो, पण ती किमतीत आधीच धरलेली असते. आणि गिऱ्हाइकाने ऐनवेळी नाही म्हटलं तर इसार जातो. कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर कागदावर लिहा आणि फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पांढरी कोकरं सगळी सारखीच दिसतात, "माझं हे नव्हतंच" असं म्हणणारे भेटतात.

जनावरांचा_डॉक्टर:

वरच्या कुणी औषधांचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. विकायच्या कोकरांना जंताचं औषध किंवा अँटिबायोटिक दिलं असेल तर ते किती दिवसांनी कापता येतं हे बाटलीवर छापलेलं असतं. तेवढे दिवस झाल्याशिवाय कापण्यासाठी देऊ नका. हेड्याला देताना कोणी विचारत नाही. थेट विकताना तुम्ही नावानिशी विकताय. त्यामुळे आत्ताच्या आत्ता एक वही करा: टॅग नंबर, औषध, तारीख. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस झाली नसेल तर करून घ्या, एकदा दिली की तीन वर्षं बघावं लागत नाही. आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस पावसाआधी. खुराक वाढवणार असाल तर ही आधी, कारण अंगाने उत्तम, खादाड कोकरूच या रोगात रात्रीत जातं. खुराकही एकदम वाढवू नका.

आणि कोणी कितीही गळ घातली तरी तीन महिन्यांच्या आतलं कोकरू कापायला देऊ नका, नियमात बसत नाही.

माळरान:

ताईंच्या सासऱ्यांचा मुद्दा कोणी घेतला नाही. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. गिऱ्हाइकाला सगळा कळप दाखवायचाच नाही. सकाळी दोन-तीन कोकरं वेगळ्या जाळीत ठेवायची, त्यातलं एक भारी, एक मध्यम. निवड तेवढ्यातूनच. मध्यम कोकरं वाटे घालणाऱ्या गटांना द्या, त्यांना रूप बघायचं नसतं. वजनावर विकलं की बारकं कोकरू बारक्या किमतीला आपोआप जातं, नगावर विकताना ते अडतं. अगदीच मागे पडलेली चार-पाच हेड्याला द्या, आणि आधीच सांगून द्या. त्याच्याशी संबंध तोडू नका. पुढच्या पावसाळ्यात तोच लागणार आहे, सासरे बरोबर बोलतायत.

यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, त्यामुळे आखाड जुलैच्या मध्यापासून 12 ऑगस्टपर्यंत आहे. म्हणजे ईद संपली की तुम्हाला मध्ये दीड महिना मोकळा मिळतो. त्या काळात राहिलेल्यांना खुराक देऊन आखाडाला काढा. गटारीच्या आधीचे दोन रविवार आणि गावोगावच्या म्हाया (गावदेवीच्या जत्रा), एवढ्यातच सगळं जाईल. श्रावण लागला की मग महिनाभर कोणी फोन उचलत नाही.

मेंढवाडा:

सगळ्यांचे आभार. आज सासऱ्यांना हे वाचून दाखवलं. शेवटची माळरानदादांची पोस्ट ऐकून म्हणाले, "हा माणूस बकरी राखलेला दिसतोय." एवढ्यावर परवानगी मिळाली आहे. ठरलंय असं की चार ईदला कागद करून, दहा-बारा आखाडात वजनावर गटांना, राहिलेली हेड्याला. त्याला फोन सासरेच करणार.

अजून दोन बारीक प्रश्न. झोळीचा डिजिटल काटा ऑनलाइन मागवलेला आहे, तो चालेल का? आणि जाहिरात कुठे करू? फेसबुकवर टाकली होती, ती उडाली.

सुरी_आणि_काटा:

काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, विक्रीसाठी वापरणार असाल तर. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यायचा. ऑनलाइनचे कितीतरी काटे शिक्का मिळण्यासारखे नसतात, आधी दाखवून घ्या. फेसबुक मार्केटप्लेसवर जनावरं विकायला त्यांचीच बंदी आहे, परत टाकू नका. खाटकाच्या दुकानात एक पाटी आणि पेठेतल्या खवय्यासारखी दोन माणसं, एवढं बावीस कोकरांना खूप झालं.

पेठेतला_खवय्या:

आखाडातल्या पहिल्या रविवारचं एक आमच्या नावाने लिहून ठेवा. मध्यम चालेल. इसार किती पाठवू?