क्लोरोफॉर्म कुणाचा: सिम्प्सनचा की वॉल्डीचा?

भट्टीवाला: काल इथे एकानं ठोकून दिलं, "औषधविक्या वॉल्डीनं एडिंबराच्या डॉक्टर सिम्प्सनला भुलीसाठी क्लोरोफॉर्मचं फक्त नाव सुचवलं." हे वाचून गप्प बसवेना. तेव्हाच्या 'क्लोरिक ईथर'चा, म्हणजे स्पिरिटमधल्या क्लोरोफॉर्मचा, जोर दरवेळी वेगळा यायचा. लिनलिथगोच्या डेव्हिड वॉल्डीनं लिव्हरपूलमध्ये आधी क्लोरोफॉर्म वेगळा काढून शुद्ध केला, मग तो स्पिरिटमध्ये मिसळला. ऑक्टोबर १८४७ मध्ये सिम्प्सनला क्लोरोफॉर्म वापरून पाहा असं सांगितलं ते या कामाच्या जोरावर.

नाडीपरीक्षा: सांगितलं, पण दिलं कुठे? त्याची प्रयोगशाळा जळाली. माल एडिंबराच्या डंकन-फ्लॉकहार्ट या औषध कंपनीनं केला आणि ४ नोव्हेंबरला हुंगला सिम्प्सन आणि त्याचे सहकारी कीथ, मॅथ्यूज डंकन यांनी. जीव त्यांनी धोक्यात घातला. सिम्प्सनच्या पत्रकाच्या तळटीपेत वॉल्डीचं नाव आहे, अजून काय हवं?

भट्टीवाला: 'माल केला' इतकं सोपं नाही हो ते! त्या पत्रकातलीच कृती: ब्लीचिंग पावडर ४ पौंड, पाणी १२ पौंड, स्पिरिट १२ द्रव औंस. हे तापवून वाफ नळीतून काढून थंड करायची. भांडं ऐसपैस हवं, नाहीतर फेस नळीत चढतो. क्रिया सुरू झाली की आच काढायची. पाण्याखाली बसलेला जड थर, म्हणजे क्लोरोफॉर्म, धुऊन तीव्र सल्फ्युरिक आम्लाबरोबर हलवायचा. आम्ल काळवंडलं तर पुन्हा. पावडर जुनी असेल तर हाती फारसं काही लागत नाही.

तपकिरी बाटली: अगदी शुद्ध केलेला तर टिकतच नाही. हवा-उजेडात त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. साधारण १ टक्का अल्कोहोल घालून गडद बाटलीत ठेवावा लागतो. सिल्व्हर नायट्रेटनं गढूळला तर बिघडला समजून फेकायचा. सुरुवातीचे मृत्यू अशा मालामुळेच.

नाडीपरीक्षा: पुराव्याशिवाय बोलू नका! जानेवारी १८४८ मध्ये १५ वर्षांची हॅना ग्रीनर क्लोरोफॉर्मच्या भुलीत गेली, तिचं खापर बाटलीवर कशाला? निजामाच्या पैशावर क्लोरोफॉर्मनं मृत्यू कसा येतो हे तपासायला हैदराबादला १८८८-८९ मध्ये दोन समित्या बसल्या. त्यांचं म्हणणं, श्वास आधी थांबतो, नाडीकडे पाहू नका. १९११ मध्ये लेव्ही या संशोधकानं मांजरांवर दाखवलं की हलक्या भुलीत हृदयाची खालची दालनं नुसती थरथरतात आणि रक्त ढकलणं थांबतं. माल चोख असला तरी!

तपकिरी बाटली: लेव्हीचं मान्य. म्हणून खराब माल निर्दोष ठरत नाही.

भट्टीवाला: वॉल्डी कुठे हरवला? १८५३ ला तो कलकत्त्याला गेला, तिथे रसायनांचा कारखाना काढला. स्वतःची बाजू छापली ती १८७० मध्ये.

नाडीपरीक्षा: म्हणजे सिम्प्सन वारला त्याच वर्षी. बरं, पदार्थ शोधला गथ्री, सुबेरां, लीबिग यांनी. भुलीसाठी सिम्प्सनसमोर ठेवला वॉल्डीनं. तळटीप अपुरी होती, इतकं मानतो. पहिला श्वास मात्र सिम्प्सनच्याच घरात घेतला गेला.

भट्टीवाला: ते मी नाकारलंच कधी?