तळ्यातलं शैवाल बदललं म्हणजे हवामानच बदललं, हे कशावरून?

मृण्मयी_भूगोल: एम.ए.च्या सेमिनारसाठी इक्वाडोरच्या काहास राष्ट्रीय उद्यानातली, अँडीज पर्वतात उंचावरची तळी घेतली आहेत. तिथल्या गाळात अलीकडच्या थरांमध्ये ऑलाकोसायरा हे डायटम (सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म एकपेशीय शैवाल) घटतं आणि डिस्कोस्टेला हे दुसरं डायटम वाढतं. याचा अर्थ तापमानवाढ असा लावलाय. पण थर्मामीटरसारखं शैवाल वाचता येतं का?

रानवाट: सांडपाण्यानेही शैवाल बदलतं की.

गाळवाचक: मृण्मयी, शंका रास्त आहे. मी डायटम मोजण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डायटम थेट तापमान सांगत नाही, पाणी किती घुसळलं जातंय ते सांगतं. ऑलाकोसायराचं सिलिकाचं कवच जाड, शिवाय पेशी काट्यांनी एकमेकींत अडकून लांब साखळी होते. वाऱ्याने पाणी ढवळलं नाही तर ती उजेडातून खाली बसते. डिस्कोस्टेला म्हणजे इवलीशी चकती, मधोमध चांदणीसारखी नक्षी. ती सावकाश बुडते. विषुववृत्ताजवळ ऋतूंमध्ये तापमानाचा फरक थोडा, त्यामुळे उंचावरच्या तळ्यात कोमट आणि गार पाण्याचे थर कच्चेच असतात, सहज मिसळतात. हवा तापली, वारा पडला, की वरचं कोमट पाणी वरच राहतं आणि चकत्यांचं फावतं.

रानवाट, सांडपाण्याचं म्हणणं बरोबर, पण मग खतावर पोसणाऱ्या जाती वाढायला हव्यात. शिवाय शेजारच्या निरनिराळ्या तळ्यांत तोच बदल साधारण एकाच काळात दिसला, तर कारण प्रत्येक तळ्यात वेगळं शोधण्यात अर्थ नाही. गाळाच्या थरांचा काळ ठरवायला शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं वापरतात. त्याचा अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे २२ वर्षं, म्हणून गेल्या दीडेकशे वर्षांपुरतंच चालतं. त्याआधीचं कार्बन-१४ वर.

मृण्मयी_भूगोल: खूप आभार सर! मग हजारो वर्षांमागचं काय?

गाळवाचक: पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरचं टिटिकाका तळं घ्या, ३,८१० मीटर उंचीवरचं. तिथे खारं पाणी सोसणारी आणि उथळ तळावर राहणारी डायटम गाळात वाढली, की पाणी ओसरलं होतं असं समजायचं. सुमारे ६,००० वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षा ८५ मीटरच्या आसपास खाली होतं. माउंट केनियावरच्या छोट्या तळ्यांत तर डायटमच्या कवचातल्या ऑक्सिजनची समस्थानिकंही (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली आहेत. सेमिनारमध्ये मात्र जातींच्या टक्केवारीचा आलेख आधी दाखवा आणि त्याच्या शेजारी खतावर वाढणाऱ्या जातींचा रकाना ठेवा. रानवाट यांचा प्रश्न तुम्हाला परीक्षकही विचारणार.