अपलोड सुरू झालं की ४जी राउटरचा पिंग ८०० वर, उपाय काय?

प्रश्न:
अभ्यासिकेत एकच ४जी राउटर, त्यावर दहा-बारा मुलं. निवांत वेळी पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ४५ मिलिसेकंद. एकानं व्हिडिओ अपलोड करायला घेतला की ८०० च्या वर, आणि सगळ्यांचे ऑनलाइन क्लास अडखळतात. डाउनलोड ३० एमबीपीएस, अपलोड ८. मोठा प्लॅन घ्यावा की अँटेना?

उत्तर १:
प्लॅननं काही होणार नाही. टॉवर प्रत्येक सिमची रांग वेगळी ठेवतो. शेजाऱ्यांमुळे तुमच्या वाट्याचा वेग घटतो, पण तुंबतं ते तुमचंच. अपलोडची रांग तर तुमच्या मोडेममध्येच असते. ८ एमबीपीएसवर (सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट) १ मेगाबाइट साचलं तर ते निघायला अख्खा सेकंद लागतो, आणि क्लासचं पॅकेट त्याच्या मागे ताटकळतं.

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर ४जी राउटर आणि मुलांच्या मध्ये घाला, त्यात एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारं) पॅकेज टाका, रांग लावण्याची पद्धत म्हणून 'केक' निवडा. इंटरफेस वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) घ्या, लॅनचा (मुलांच्या बाजूचा) निवडलात तर अपलोड-डाउनलोड उलटे लागतात. मर्यादा गर्दीच्या वेळी मिळणाऱ्या वेगाच्या ८० टक्के ठेवा, म्हणजे रांग मोडेमऐवजी या राउटरात लागते आणि केक ती आवरतो. आकडा किलोबिटमध्ये भरायचा: अपलोडच्या ८ एमबीपीएसला ६४००. नुसतं ६ लिहिलं तर नेट ठप्प! जुन्या ४जी राउटरचं वायफाय बंद करा, नाहीतर निम्मी मुलं तिथूनच जोडतील आणि सगळं मुसळ केरात.

उत्तर २:
वरचं बरोबर, पण ४जीचा वेग स्थिर नसतो. रात्री अपलोड ३ वर आला की ६४०० ची मर्यादा असून नसल्यासारखी, रांग परत मोडेममध्ये. त्यासाठी 'केक-ऑटोरेट' ही स्क्रिप्ट आहे. ती सतत पिंग करून उशीर वाढताच मर्यादा खाली आणते. अपलोडला किमान १०००, मधली ३०००, कमाल ७००० पासून सुरुवात करा. अगदी जुन्या राउटरच्या प्रोसेसरला हे जड जातं.

प्रश्नकर्ता:
म्हणजे अँटेना नकोच?

उत्तर २:
४जी राउटरच्या सेटिंगच्या पानावर एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, तो आकडा) बघा, सिग्नलच्या दांड्या नव्हे. ५ डीबीच्या खाली असेल तर अँटेना घ्या, दोन केबलचा. सिग्नलमध्ये गोंगाट असला की पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं, आणि ४जीत अशी प्रत्येक खेप साधारण ८ मिलिसेकंद खाते. १५ च्या वर असेल तर पैसे वाचवा.

उत्तर १:
शिवाय केकच्या प्रगत पर्यायांत अपलोडला 'नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट', डाउनलोडला 'नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट' टाका. मग वाटणी माणशी होते. एकानं वीस कनेक्शन उघडली तरी त्याला एकाचाच वाटा.