कोविडचे बळी देशोदेशी कमी-जास्त का? तब्येत की व्यवस्था?

गिरगावकर:
देशवार बळींची तुलना निघाली की सगळे लॉकडाउनवर घसरतात. माझ्या मते मुख्य कारण लोकांची आधीची तब्येत. वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशनने मार्च २०२१मध्ये दाखवलं होतं की तोवरच्या २५ लाख मृत्यूंपैकी २२ लाख अशा देशांतले होते, जिथे निम्म्याहून जास्त प्रौढांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. अमेरिकेत दहा प्रौढांत चार स्थूल, जपानमध्ये शंभरात चार-पाच. जपान इतका वयस्क देश, तरी बळी कमी. मुंबईने पुढच्या साथीची तयारी साखर आणि रक्तदाबापासूनच सुरू करावी.

आकडेमोड:
असहमत. आधी वय बाजूला काढा. लस येण्यापूर्वी संसर्ग झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण पंचविशीत ०.०१ टक्का, ५५व्या वर्षी ०.४, ६५व्या वर्षी १.४, ७५व्या वर्षी ४.६ आणि ८५व्या वर्षी १५ टक्क्यांच्या आसपास होतं. इटलीत पासष्टीपुढचे सुमारे २३ टक्के, आपल्याकडे सात. म्हणून दर दहा वर्षांच्या वयोगटाचा मृत्युदर वेगळा काढायचा, तो दोन्ही देशांसाठी एकाच प्रमाण लोकसंख्येतल्या (म्हणजे तुलनेसाठी ठरवून घेतलेल्या लोकसंख्येतल्या) त्या वयोगटाच्या वाट्याने गुणायचा आणि मग बेरीज करायची. तुमच्या २२ लाखांत हे केलेलं नाही.
शिवाय जो मृत्यू नोंदलाच गेला नाही, तो कुठल्याच गणितात येत नाही. २०२०-२१साठी आपला अधिकृत आकडा ४.८ लाख, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाख. सरकारने तो अंदाज फेटाळला हे खरं, पण एवढी दरी असताना ‘भारतीयांची प्रतिकारशक्ती’ वगैरे निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

परळ नाका:
आकडेमोड यांच्याशी सहमत, आणि पेरूचं उदाहरण जोडतो. देश तरुण, तरी लोकसंख्येच्या मानाने बळी जगात सर्वाधिक. मे २०२१च्या शेवटी त्यांनी फेरमोजणी केली, तर ६९ हजारांचे १ लाख ८० हजार झाले. तिथे ऑक्सिजन संपला होता.
हिशेब करून बघा. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो पावणेबारा तास पुरतो, १५ लिटर लागले तर पावणेआठ, आणि हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रावर, ६० लिटर गेले तर दोन तासही नाही. द्रवरूप टाकी असली तरी एकदम खूप रुग्ण हाय फ्लोवर गेले की द्रवाचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरवर बर्फ चढतो आणि पाइपलाइनचा दाब उतरतो. तेव्हा टाकी भरलेली असूनही शेवटच्या खाटेपर्यंत वायू पोचत नाही. इथे रुग्णाच्या कमरेचा घेर काय करणार?

गिरगावकर:
पेरूतही निम्म्याहून जास्त प्रौढ वजनदार आहेत, तेवढं सोयीस्करपणे गाळलंत! आणि १५ लिटरपर्यंत कोण पोचतं, हा प्रश्न उरतोच. मधुमेही आणि पोट सुटलेले जास्त पोचतात. आपल्याकडे माणूस दिसायला सडपातळ असतो, म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या मापाची) वजनवाढीची मर्यादा २३ आणि स्थूलतेची २५ धरतात, कंबर पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८०. ती पॅंटच्या पट्ट्यावर मोजू नका, तिथे पोटाखालचा घेर मिळतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, उघड्या अंगावर टेप आडवी धरायची. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३च्या पाहणीत १०.१ कोटी मधुमेही निघाले. २०२१मध्ये म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, इथेच एवढा का पसरला?

परळ नाका:
कारण स्टेरॉइड नको तिथे दिली गेली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त दहा दिवस, तेही ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. ऑक्सिजन लागत नसलेल्यांना सुरू केली आणि त्याने वाढणारी साखर तपासली नाही, तर बुरशीला रान मोकळं. साखर आधीपासून होती हे मान्य, पण ती पेटवली चुकीच्या उपचारांनी.

आकडेमोड:
दोघांनाही: ‘देश’ हे मापच फार ढोबळ आहे. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं, तर झोपडपट्टीत ५७ टक्क्यांना संसर्ग होऊन गेलेला, इमारतींत १६. शहर तेच, वॉर्ड तेच. सामायिक संडास आणि दहा बाय दहाची खोली हा फरक तब्येतीत बसवता येत नाही.
आणि मधुमेहाचा वाटा खरंच काढायचा असेल तर मृत्यूच्या दाखल्याकडे जा. भाग एकमध्ये कारणांची साखळी, कोविड तिथे. मधुमेह, रक्तदाब भाग दोनमध्ये. घाईत पहिल्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद’ लिहून भाग दोन कोरा सोडला, तर गिरगावकर यांचा मुद्दा खरा असला तरी सिद्ध करता येणार नाही.

गिरगावकर:
दाखल्याचं पटलं. वयाचं गणितही पटलं. कंबर मात्र मी सोडत नाही.