अनुभव धागा: उदोन थानीत बिऱ्हाड

बँकॉक, फुकेत, पटाया यांवर मराठीत ढीगभर लिहून झालंय. हा धागा थायलंडच्या ईशान्येकडच्या, म्हणजे इसानमधल्या, उदोन थानीसाठी. 'उदोन' म्हणजे आपलं 'उत्तर', 'थानी' म्हणजे 'धानी'. बँकॉकपासून साधारण ५६० किलोमीटर, मेकाँगकाठच्या नोंग खायपासून पन्नासेक. फ्रान्सशी झालेल्या १८९३ च्या तहानंतर सयामला मेकाँगपासून २५ किलोमीटरच्या पट्ट्यात फौज ठेवता येईना, म्हणून राजपुत्र प्रचक यांनी नोंग खायहून मुक्काम हलवला आणि हे गाव वसलं. व्हिएतनाम युद्धात इथे अमेरिकेचा हवाई तळ होता, आज तिथे बँकॉकची विमानं उतरतात. स्टेशनाशेजारी मॉल उभे राहिले, गावाबाहेरची भातखाचरं बुजवून बंगल्यांच्या वसाहती झाल्या, आणि नोंग दे या पाणथळीच्या जागी नोव्हेंबर २०२६ ते मार्च २०२७ असं जागतिक उद्यान प्रदर्शन ठरलंय.

गाव बदललं तसे दहा वर्षांपूर्वीचे सल्लेही शिळे झाले. म्हणून ताजं लिहा: काय करायचं, कुठे, किती पैसे, कशाने बिघडतं. 'आम्ही पहिल्यांदा उतरलो तेव्हा' हे दुसरीकडे. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

शिक्काबहाद्दर

सुरुवात टीएम ३० पासून. परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं. कायद्याने हे काम घरमालकाचं आहे, पण अडतं भाडेकरूचं. ती पावती नसली तर पुढची मुदतवाढ, रहिवासाचा दाखला, सगळं खोळंबतं. भाडेकरार करतानाच मालकाच्या ओळखपत्राची आणि घराच्या निळ्या पुस्तिकेची (ताबियन बान) सही केलेली झेरॉक्स मागून घ्या. नंतर मालक बँकॉकला असतो आणि फोन उचलत नाही.

मग नव्वद दिवसांची हजेरी, टीएम ४७. प्रत्यक्ष जाऊन करायची तर ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. त्यापुढे स्वतःहून गेलात तरी २,००० बात दंड. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी पुन्हा एकपासून. लोक इथेच चुकतात, जुन्या चिठ्ठीवरची तारीख धरून बसतात.

वर्षाची मुदतवाढ १,९०० बात, फॉर्म टीएम ७. पन्नाशी ओलांडून निवृत्तीच्या कारणावर राहत असाल तर थाई बँकेत ८ लाख बात, अर्जाआधी दोन महिने पडून असलेले. मंजुरीनंतर तीन महिने रकमेला हात लावायचा नाही, पुढेही ४ लाखांखाली जाऊ द्यायची नाही. बँकेचं पत्र आणि पासबुकातली शेवटची नोंद ताजी हवी. म्हणून अर्जाच्या सकाळी खात्यात शंभर बात भरून पासबुक छापून घ्यायचं, मग इमिग्रेशन. हास्यास्पद वाटेल, पण जुन्या तारखेच्या पासबुकावर खिडकीतून परत पाठवतात.

देशाबाहेर जाण्याआधी री-एंट्री परमिट: एकदाचं १,०००, अनेकदाचं ३,८०० बात. ते न घेता मेकाँगवरचा लाओसला जाणारा पूल ओलांडला की वर्षभराची मुदतवाढ तिथेच संपली. सबब चालत नाही.

तिहेरीनाव

शिक्काबहाद्दरांच्या यादीत नावाची भानगड राहिली. मराठी पासपोर्टात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. थाई फॉर्मवर कुठे मधल्या नावाची जागा असते, कुठे नसते. बँकेत मधलं नाव गाळलं आणि वर्क परमिटवर ठेवलं, की पगाराच्या पहिल्याच महिन्यात दोन वेगळी माणसं तयार होतात. पासपोर्टात जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे.

थाई लिपीतलं नावही एकदाच ठरवा. पहिल्या सरकारी कागदावर जे स्पेलिंग पडलं त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच दाखवा, नाहीतर प्रत्येक कारकून आपल्या कानाने नवं लिहितो. थाईत शब्दाच्या शेवटचे र आणि ल हे 'न' होतात (उत्तरचं उदोन झालं ते त्यामुळेच). तेव्हा दवाखान्यात 'पातिन' अशी हाक आली तर पाटलांनी उठावं. बहुतेक वेळा मात्र आडनावाने नाही, 'खुन' लावून पहिल्या नावानेच बोलावतात.

तारखा बौद्ध संवतात: इसवी सनात ५४३ मिळवा. २५६९ म्हणजे २०२६. दुधाच्या पिशवीवर नुसतं ६९ असतं.

पूलापलीकडे

लाओसच्या राजधानीत, व्हिएंतियानला, पासपोर्ट देऊन दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिसा घ्यायचा, ही जुनी वाट विसरा. १ जानेवारी २०२५ पासून थाई व्हिसाचा अर्ज सगळीकडे ऑनलाइन आहे. अर्जात जो दूतावास निवडाल त्या हद्दीत तुम्ही आहात याचा पुरावा लागतो, म्हणून उदोनमधल्या घरी बसून लाओसमधला थाई दूतावास निवडू नका. परत येताना १ मे २०२५ पासूनचं डिजिटल आगमनपत्र, प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची.

जुलै २०२४ पासून बँकॉकची गाडी उदोनवरून थेट व्हिएंतियानच्या खामसावातपर्यंत जाते. चीनकडे जाणाऱ्या रेल्वेचं स्टेशन मात्र वेगळं आणि लांब आहे. दोन गाड्यांच्या मध्ये वाहनासाठी वेळ धरा.

पाचअँपियर

घर बघायला गेलात की आधी विजेचा मीटर वाचा, मग फरशी. मीटरवर ५(१५) किंवा १५(४५) असं लिहिलेलं असतं. पहिल्याची झेप १५ अँपिअरपर्यंत. आंघोळीचा भिंतीवरचा हीटर ३,५०० वॅटचा, म्हणजे २२० व्होल्टला एकटाच १६ अँपिअर खातो. त्यात १२,००० बीटीयूचा एसी लावला की झालं. ५(१५) चा मीटर असेल तर वाढवून देण्याची अट करारात घाला. अर्ज मालकाच्या नावानेच प्रांतिक वीज कार्यालयात जातो.

त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. जुन्या घरांत तिसरी तार नसते, किंवा स्विचबोर्डात असते आणि जमिनीत नसते. हीटर उघडून हिरवी तार कुठे जाते ते इलेक्ट्रिशियनला दाखवायला सांगा. तांब्याचा मुलामा दिलेला सुमारे २.४ मीटरचा रॉड जमिनीत पूर्ण ठोकलेला हवा आणि हीटरला गळती-ब्रेकर हवा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. न पडला तर बदला.

अपार्टमेंटमध्ये मालक युनिटमागे ७-८ बात लावतात, सरकारी दर त्यापेक्षा बराच कमी असतो. बंगला घेतला तर बिल थेट वीज कंपनीचं येतं आणि मुदतीच्या आत सेव्हन-इलेव्हनमध्ये भरता येतं. मुदत टळली की तिथे घेत नाहीत. अनामत साधारण दोन महिन्यांची, शिवाय एक महिन्याचं आगाऊ भाडं. पहिल्या दिवशी पाणी आणि वीज, दोन्ही मीटरचे आकडे फोटोत घ्या.

गुंठेवारी

बायको किंवा नवरा थाई असेल आणि जमीन घ्यायची असेल त्यांच्यासाठी. एक राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपले जवळपास १६ गुंठे. एक न्गान ४०० चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे. एक चौरस वा म्हणजे ४ चौरस मीटर. जाहिराती यातच असतात. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. ३० वर्षांचा भाडेपट्टा होतो, पण तीन वर्षांवरचा पट्टा जमीन कार्यालयात नोंदवलेला हवा, नाहीतर तो तीनच वर्षांचा धरतात. वकिलाकडच्या सहीशिक्क्याला त्यापुढे किंमत नाही.

आता नव्या वसाहती. बहुतेक जागा भातखाचरांवर भराव घालून केलेल्या. मुख्य घर खांबाच्या पायावर (साओ खेम) असतं, ते हलत नाही. मागचं स्वयंपाकघर मात्र मालक नंतर वाढवतो, नुसत्या भरावावर कोबा टाकून. भराव बसतो, स्वयंपाकघर खाली जातं, आणि दोन्हींच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट पडते. तिथून पाणी, मुंग्या, कधी साप. घर बघताना हा सांधा बघाच. ताजा सिलिकॉन भरलेला दिसला तर समजून जा. नवं बांधायचं असेल तर वाढीव भागालाही तेवढ्याच खोल खांबांचा पाया द्या आणि दोन्ही बांधकामं एकमेकांना सळईने जोडू नका. मधे मुद्दाम सांधा ठेवून वर पत्र्याची पट्टी मारा. भराव टाकल्यावर निदान एक पावसाळा जाऊ द्यावा. बिल्डर थांबत नाही, तुम्ही थांबा.

पाहणीला सप्टेंबरात जा. फेब्रुवारीत प्रत्येक वसाहत कोरडी आणि सुंदर दिसते.

खमंगकाकडी

स्वयंपाकघर. तूरडाळ स्थानिक बाजारात नाही, बँकॉकच्या फाहुरातमधल्या भारतीय दुकानांतून कुरिअरने येते. पण सालं काढलेली मूगडाळ (थुआ थोंग) कुठेही मिळते, कारण थाई मिठायांना लागते. वरण तिचंच करा. शेवगा म्हणजे 'मारुम', दोडका 'बुआप लियम', चिंच 'माखाम'. शेंगदाणे हवे तेवढे. कोथिंबीर मुळासकट येते; मुळं वाटणात घाला, टाकू नका. इथल्या बारक्या मिरच्या आपल्या मापाच्या एक तृतीयांशच घाला.

तांदळाच्या पिठाची दोन पाकिटं शेजारी ठेवलेली असतात: खाओ चाओ म्हणजे साधा तांदूळ, खाओ नियाओ म्हणजे चिकट. मोदकांना साधं. चुकून चिकट घेतलं तर उकड नाही, डिंक होतो. इथलं पीठ ओलं दळलेलं आणि फार बारीक असतं, त्यामुळे पारी कोरडी पडून चिरते. वाटीभर साध्या पिठात एक मोठा चमचा चिकट पीठ मिसळलं की पारी वळते. नारळ बाजारात खवून मिळतो. 'खूत खाओ' म्हणा, म्हणजे तपकिरी पाठ काढलेला पांढरा देतात. गूळ घेताना ताडाचा 'नामतान पुएक' स्वस्त असेल तर त्यात साखर मिसळलेली असते. उसाचा 'नामतान ओय' चवीला आपल्या गुळाच्या जवळचा.

उपासतापास

साबुदाण्याचं कोणी लिहीना, म्हणून. इथला 'साखू' दिसायला तोच, पण कच्च्या टॅपिओका पिठाच्या गोळ्या. आपला साबुदाणा कारखान्यात भाजून किंवा वाफवून निघतो, म्हणून रात्रभर भिजतो आणि फुलतो. हा गार पाण्यात घातला की विरघळून पेज. खिचडी विसरा. खिरीला चालतो: खळखळत्या पाण्यात थेट टाका, ढवळत राहा, मधला पांढरा ठिपका टाचणीएवढा उरला की गाळून गार पाण्याखाली धुवा.

'खाओ माओ' बघून पोह्यांचा भास होतो, तोही खोटा. कोवळ्या, बहुधा चिकट भाताचा असतो, भिजवला की गोळा. नारळ-साखर घालून तसाच खावा.

शाकाहारासाठी 'मांसाविरत' म्हणून भागत नाही, फिश सॉस त्यातही पडतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोधा: मांस-मासे, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. नऊ दिवसांचा जे उत्सव बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या आसपास येतो, अधिक महिन्यामुळे कधी महिनाभर सरकतो. त्या दिवसांत रस्त्यावर खाण्याची चंगळ. एरवी सोमतमवाल्याला (सोमतम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर) चार गोष्टी सांगायच्या: 'माय साय' म्हणजे घालू नका, आणि पुढे नाम प्ला (फिश सॉस), प्ला रा (आंबवलेला मासा), कुंग हेंग (सुकी कोळंबी), पोंग प्रुंग रोत (चवीची पूड). शेवटची सगळे विसरतात. खलबत्ता एकच असतो, ते पटत नसेल तर घरी कुटा.

औषधपाणी

मासे खाणाऱ्यांना: प्ला रा 'सुक', म्हणजे शिजवलेला, मागा. कच्च्या गोड्या माशांचं 'कोय प्ला' टाळाच. त्यातून यकृतात जाणारा चपटा कृमी पित्तनलिकेच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे आणि इसानमध्ये तो रोग जगात सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे. लिंबू पिळल्याने मासा शिजत नाही.

मधुमेह असेल तर पावसाळ्यात चिखलात अनवाणी पाय नको. इथल्या मातीत मेलिऑइडोसिसचे जंतू असतात. नेहमीची बरीचशी अँटिबायोटिक्स त्यावर चालत नाहीत. दहा-चौदा दिवस तरी शिरेतून औषध, मग निदान तीन महिने गोळ्या. ताप उतरेना तर डॉक्टरांना आपणहून सांगा: साखर आहे, चिखलात काम केलं.

डिसेंबरपासून उसाचे फड पेटवतात, पाला जळला की तोडणी झटपट होते. अंगणात काळी राख पडते, लोक तिला 'हिमा दाम', काळं हिम, म्हणतात. सरकारी एअर-फोर-थाय ॲपवर पीएम २.५ बघा. चोवीस तासांची थाई मर्यादा ३७.५ मायक्रोग्रॅम आहे. एसीची जाळी हे कण अडवत नाही. १२ बाय १२ फुटांच्या खोलीला तासाला निदान १८५ घनमीटर हवा गाळणारं यंत्र घ्या आणि सरकत्या खिडक्यांच्या फटीत फोमची पट्टी लावा. नाहीतर यंत्र अंगणच गाळत बसतं.

दोनचाकी

गाड्या डावीकडून, तेवढं सोपं. परवाना 'खोन सोंग' कार्यालयात: पासपोर्ट, रहिवासाचा दाखला, दवाखान्याचं प्रमाणपत्र. रंग ओळखणं, अंतराचा अंदाज आणि ब्रेकची चाचणी, मग संगणकावर ५० प्रश्न, ४५ बरोबर हवेत. पहिला परवाना दोन वर्षांचा, मोटारीला २०५ आणि मोटारसायकलला १०५ बात. भारतीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही दुचाकीला चालत नाही, आणि अपघातात विमा कंपनी पहिलं तेच बघते.

पाचअँपियर

@खमंगकाकडी, भारतातून आणलेला मिक्सर इथे कसा लावायचा, त्यासाठी: व्होल्टेज तेच, पण आपला तीन गोल पायांचा प्लग इथे बसत नाही. ॲडॅप्टर अर्थ तोडतो. वायर कापून थाई तीन-पायी प्लग बसवून घ्या. हिरवी तार मोकळी सोडू देऊ नका.