बोट त्याच दिवशी आली, मग पैसे कुठं अडकलेत?

सीनाकाठ (परंडा)
मंडळी एक इचारायचंय. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तवा आमच्याकडं हेलिकॉप्टर आलं, एनडीआरएफची बोट आली, पत्र्यावर चढून बसलेली माणसं काढली, त्या पोरांना सलामच. पण पुढचं गणित काय कळंना झालंय. कोण म्हणतंय केंद्राची मदत, कोण म्हणतंय राज्याचं पॅकेज, कोण म्हणतंय पीकविमा. माझ्या वावरातली माती गेली, खाली नुसता मुरूम दिसायलाय, दावणीची म्हैस पण वाहून गेली. चुलतभावाच्या खात्यावर पैसे पडले, माझं यादीत नाव असून काय नाही. हे ठरवतंय कोण नेमकं, दिल्ली, मुंबई का आमचे तलाठी आप्पा?

जुना अव्वल कारकून
तिघंही ठरवतात राव, म्हणून तर कुणालाच धरता येत नाही. महसूलमध्ये आयुष्य गेलंय म्हणून सांगतो.

जीव वाचवायची लाईन वेगळी आणि पैशाची वेगळी. बोटीवाले म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, २००५ च्या कायद्यानं उभं राहिलं, आपल्याला जवळची बटालियन पुण्याकडची. कलेक्टरनं मंत्रालयाच्या कंट्रोल रूमला मागणी टाकली की टीम निघते, त्याला पंचनामा लागत नाही. राज्याचं स्वतःचं दल पण आहे, धुळे आणि नागपूरला.

पैशाचं असं की पूर आल्यावर दिल्लीहून पैसे निघत नाहीत, निदान पहिले तरी नाहीत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी म्हणून खातं असतं, त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के आधीच पडलेले असतात, केंद्र वर्षातून दोन हप्त्यांत देतं. ते पुरलं नाही तर राज्य दिल्लीला निवेदन पाठवतं, मग केंद्राचं पथक पाहणीला येतं, मग गृहमंत्र्यांची समिती ठरवती. आपल्याकडं ते पथक नोव्हेंबरात आलं, तोवर लोकांनी रब्बी पेरायला घेतली होती. पाहणीला काय राहिलं होतं ते देवाला माहीत.

बनीम भिजलं (औसा)
साहेब लाईनी सांगू नका, रेट सांगा. केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, ते पण २ हेक्टरपर्यंतच आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं तरच. सोयाबीनचं बियाणं खत फवारणी काढणी धरली तर ८,५०० मध्ये मळणीयंत्रवाला तरी दारात उभा राहतो का? राज्यानं ऑक्टोबरात ३१,६२८ कोटीचं पॅकेज जाहीर केलं, मर्यादा ३ हेक्टर केली, रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी १०,००० वेगळे म्हणले, पण त्या आकड्यात मनरेगा, विमा, रस्ते सगळं कोंबलंय, हातात किती ते तुमचं तुम्ही बघा.

जुना अव्वल कारकून
बनीमवाले भाऊ, राग रास्त आहे. पण सरकारी कागदात याचं नाव निविष्ठा अनुदान, पुढची पेरणी निघावी एवढाच हिशोब, पिकाची किंमत त्यात धरलेलीच नाही. ती विम्यानं द्यायची, आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला, आता मंडळातल्या कापणी प्रयोगावर सगळं, म्हणजे काही गावं मिळून जे महसुली मंडळ होतं त्यातल्या निवडक शेतांत पीक कापून उतारा मोजतात त्यावर. माझ्या मते खरी लबाडी तिथं झाली, शिव्या मात्र पंचनाम्याला पडायलेत.

सेतूवाला पोऱ्या
दादा यादीत नाव असून पैसे नाहीत म्हणजे दहातल्या आठ वेळा भानगड एकच असती, केवायसी, म्हणजे आधारवर ओळख पटवायची राहिलेली. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख नंबर, काढलाय का? नसंल तर यादीतला विशिष्ट क्रमांक तलाठ्याकडून घ्या, सेतूवर अंगठा द्या. दुसरं, गट सामाईक आहे का? असंल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, एक जण पुण्याला कंपनीत असला की सगळ्यांचं अडकतं. आमच्याकडं एका म्हातारीचा अंगठाच उठंना, हाताची रेघ घासून गेलेली, शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं. आणि बँक खात्याला आधार जोडलेलं बघा, पैसे आधारवर पडतात, कदाचित जुन्या विसरलेल्या खात्यात पडून पण असतील.

किल्लारीकर
मी ९३ चा भूकंप बघितलेला माणूस. ३० सप्टेंबर, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आसपास. तवा हे दल नव्हतं, कायदा नव्हता, हातानं दगड उचलले, मग लष्कर आलं. पैसा मात्र पुढं जागतिक बँकेचा आला, गावं नवी बसली. आज बोट त्याच दिवशी येती ही लहान गोष्ट नाही भाऊ. पण तवा अधिकारी तंबू ठोकून गावात राहायचे, आता ॲपवर फोटो काढून जातात. १०७७ नंबर तेवढा पाठ करा, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा आहे.

सीनाकाठ (परंडा)
गट सामाईकच आहे! आणि म्हशीचं काय? पोस्टमॉर्टम करायला म्हैस तर पाहिजे.

जुना अव्वल कारकून
दुभत्या गाई-म्हशीला निकषात ३७,५०० आहेत, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००. जनावर वाहून गेलं असंल तर पंचनाम्यात तसं लिहून घ्यायचं, सरपंच, पोलीस पाटलाचे जबाब जोडायचे. कानात बिल्ला होता का? २०२४ पासून बिल्ल्याशिवाय मदत धरत नाहीत, नंबर दवाखान्यात ऑनलाईन दिसतो. आणि माती गेली त्याचा अर्ज वेगळा द्या, पिकाच्या पंचनाम्यात ते येत नाही. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० आहेत, अल्पभूधारकाला. सातबारा, आठ अ घेऊन जा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

सेतूवाला पोऱ्या
पोचवर शिक्का आणि तारीख बघून घ्या, नुसती सही मारून देतात.