किडनी प्रत्यारोपणानंतर सर्दी-ताप: दोन दिवस वाट बघायची की त्याच दिवशी स्वॅब?

धागाकर्ता, जळगाव:
भरीत पार्ट्या, लगीनसराई, सारंगखेड्याची यात्रा सगळं एकदमच येतं, आणि गर्दीतून सर्दी-ताप घरी येतो. माझं मत सरळ आहे: प्रत्यारोपण झालेल्याला ताप-खोकला आला की त्याच दिवशी स्वॅब. फ्लूची शंका असेल तर रिपोर्टची वाट न बघता ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं औषध. पहिल्या ४८ तासांत त्याचा उपयोग सगळ्यात जास्त, पण अशा पेशंटला नंतरही देतात. प्रत्यारोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडमुळे ताप दबतो, म्हणून ‘नुसती कणकण आहे’ वर जाऊ नका.

धुळेकर:
नाही पटत भो. नाक वाहतंय, ताप नाही, दम लागत नाही, ऑक्सिजन ९७. बहुतेक वेळा तो साध्या सर्दीचा रायनोव्हायरस, त्यावर औषधच नाही. शहाद्याहून नाशिकला पळवलं तर ओपीडीच्या गर्दीतून दुसरंच काही घेऊन येईल. आणि ओसेल्टामिविर डोळे झाकून नेहमीचं ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा? क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० ते ६० असेल तर ३० मिग्रॅ दोनदा, त्याखाली आणखी कमी.

धागाकर्ता:
नाशिकला न्या असं म्हटलंच नाही. स्वॅब जिल्ह्याला द्या, प्रत्यारोपण झालं त्या सेंटरला फोन करा. शेवटचं क्रिएटिनिन फाइलीत असतंच, डोस तेच सांगतील. फक्त रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो समजू नका, आरटी-पीसीआर करा.

औषधवाला, भुसावळ:
घोळ होतो तो काउंटरवर, आणि त्यावर तुम्ही दोघंही बोलत नाही. ‘खोकल्याचं काहीतरी द्या’ म्हटलं की क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक जातं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस पेशंट घेत असतो; ते क्लॅरिथ्रोमायसिन यकृतात मोडू देत नाही, रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन वाढतं. कोविडच्या गोळ्यांतलं रिटोनाविर तर त्याहून वाईट. अंगदुखीला डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालतं. गुळवेलीचा काढाही नको. प्रतिकारशक्ती वाढवणं इथे नव्या किडनीच्या मुळावर येऊ शकतं.

धुळेकर:
हे मान्य. जुलाब लागले तरी टॅक्रोलिमस वाढतं, तेव्हा त्याची रक्तातली लेव्हल तपासा. पण सकाळची गोळी घ्यायच्या आधी, आदल्या डोसनंतर १२ तासांनी. गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा खोटाच चढा येतो आणि डोस उगाच कमी होतो. सर्दीला स्वॅब मात्र अजूनही नाही म्हणेन, ताप किंवा दम असेल तरच.

धागाकर्ता:
पहिल्या सहा महिन्यांतल्या पेशंटला तरी ती सूट देऊ नका, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे डोस सगळ्यात जड असतात. फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्या, घरच्यांनीही. पेशंटला इंजेक्शनचीच, नाकातला स्प्रे जिवंत विषाणूचा असतो.